इंडियन ओपनचा इतिहास: पंचवीस वर्षांची पोकळी आणि कॅडींची पिढी

मूळ लेख

इंडियन ओपन या आपल्या राष्ट्रीय खुल्या गोल्फ स्पर्धेच्या विजेत्यांची यादी पहिल्या वर्षापासून क्रमाने वाचत गेले, की एक मोठी पोकळी डोळ्यांत भरते. १९६५ साली प्रेम गोपाल उर्फ बिल्लू सेठी यांचे नाव येते आणि त्यानंतरचे भारतीय नाव थेट १९९१ साली सापडते. मधली पंचवीस वर्षे ऑस्ट्रेलियन, जपानी, तैवानी, अमेरिकन अशा परदेशी खेळाडूंनीच ही स्पर्धा जिंकली. स्पर्धा भारतात, मैदाने भारतातली, चेंडू शोधून देणारी आणि बॅगा वाहणारी माणसे भारतीय, आणि चषक मात्र दरवर्षी विमानाने बाहेर जाणार, असा तो काळ होता. ही पोकळी कशामुळे पडली आणि कोणी भरून काढली, हाच मला या स्पर्धेच्या इतिहासाचा गाभा वाटतो. म्हणून त्यावर स्वतंत्र धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. गोल्फ आपल्याकडे फार जुना आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ सालची असून ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा १८९२ साली सुरू झाली. व्यावसायिकांनाही भाग घेता येईल अशी राष्ट्रीय खुली स्पर्धा मात्र १९६४ साली सुरू झाली, म्हणजे या दोहोंत तब्बल ७२ वर्षांचे अंतर आहे. गोल्फ हा क्लबच्या सभासदांचा खेळ होता आणि व्यावसायिक हा त्या क्लबचा नोकर होता. सभासदांना शिकवणे, त्यांच्या क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, डागडुजी करणे आणि सभासद मैदानावर नसतील तेव्हा जमेल तसा सराव करणे हे त्याचे आयुष्य होते. अशा माणसांसाठी राष्ट्रीय स्पर्धा भरवावी, असे त्या काळी कोणाला फारसे निकडीचे वाटले नसावे.

ही स्पर्धा सुरू होण्यामागे ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांचा मोठा वाटा आहे. तोपर्यंत ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकलेला हा खेळाडू ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्यामधल्या प्रवासात भारतात थांबत असे. इथे गोल्फची एवढी जुनी परंपरा असताना राष्ट्रीय खुली स्पर्धा नाही, हे त्यांना खटकले आणि त्यांनी तसा आग्रह धरला. १९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबवर पहिली इंडियन ओपन झाली आणि ती त्यांनीच जिंकली. पुढे १९६६ आणि १९७६ सालीही ते विजेते ठरले.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, कोलकात्यात रॉयल कलकत्ताच्या मैदानावर बिल्लू सेठी यांनी स्पर्धा जिंकली. सेठी हौशी खेळाडू होते. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तेव्हा गोल्फसाठीचा पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला होता. तेव्हाच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नसे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फक्त चषक आणि मान आला. हौशी म्हणून इंडियन ओपन जिंकणारे ते आजवरचे एकमेव खेळाडू आहेत. परंतु या विजयाकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. तो क्लबच्या सभासदांमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा विजय होता. मैदानावर रोज राबणाऱ्या व्यावसायिकाची पाळी यायला त्यानंतर सव्वीस वर्षे लागायची होती.

ती आली १९९१ साली. अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला मुलगा. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा, अंतर सांगणारा, ग्रीनचा, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक गवताच्या भागाचा, उतार वाचणारा सोबती. अली शेर यांनी त्या वर्षी इंडियन ओपन जिंकली आणि ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. १९९३ साली त्यांनी पुन्हा जिंकून दाखवली, त्यामुळे पहिला विजय नशिबाचा होता असे म्हणायची सोय उरली नाही.

पुढे दार उघडलेच. १९९८ साली फिरोज अली, १९९९ साली अर्जुन अटवाल आणि २००० साली ज्योती रंधावा असे सलग तीन भारतीय विजेते झाले. २००२ साली लखनौचे विजय कुमार जिंकले. २००६ आणि २००७ साली पुन्हा रंधावा, २००९ साली बंगळुरूचे सी. मुनियप्पा, २०१५ साली अनिर्बान लाहिरी, आणि २०१६ व २०१७ साली एस.एस.पी. चौरसिया. सेठी धरून भारतीयांचे एकूण तेरा विजय होतात आणि त्यांतले बारा १९९१ ते २०१७ या काळातले आहेत.

जाणकारांनी भर घालावी आणि माझे जिथे चुकत असेल तिथे दुरुस्त करावे.

प्रतिसाद १

लेख आवडला. तथापि मधल्या पंचवीस वर्षांना केवळ पोकळी म्हणणे मला पटत नाही. १९७० च्या सुमारास ही स्पर्धा आशिया गोल्फ सर्किटमध्ये आली आणि त्यामुळे आशियात आठवड्यागणिक देश बदलत खेळणारे उत्तम खेळाडू दिल्ली-कोलकात्यात येऊ लागले. जपानचे केन्जी होसोइशी त्याआधीच, १९६७ आणि १९६८ साली, लागोपाठ जिंकून गेले होते. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम मार्श १९७१ आणि १९७३ साली, तर ब्रायन जोन्स १९७२ आणि १९७७ साली जिंकले.

१९८१ सालचे विजेते पेन स्टुअर्ट होते. अमेरिकेच्या मुख्य दौऱ्यावर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या वार्षिक मालिकेत, जागा मिळाली नाही म्हणून आशियात खेळायला आलेला तो चोवीस वर्षांचा तरुण होता. पुढे त्यांनी १९८९ साली पीजीए चॅम्पियनशिप आणि १९९१ व १९९९ साली यूएस ओपन जिंकली. १९९९ सालीच विमान अपघातात त्यांचे निधन झाले. असा खेळाडू उमेदवारीच्या काळात आपल्या मैदानावर घडत होता आणि आपले कॅडी त्याचा खेळ हाताच्या अंतरावरून पाहत होते. अली शेर यांच्या पिढीने हे सगळे डोळ्यांत साठवले नसते, तर १९९१ साल उजाडले असते का, याचाही विचार व्हावा.

थॉमसन यांच्याविषयी एक भर घालतो. १९७६ साली ते तिसऱ्यांदा जिंकले तेव्हा त्यांचे वय ४६ होते, आणि त्याच सुमारास दिल्ली गोल्फ क्लबच्या मुख्य मैदानाची पुनर्रचनाही त्यांच्याकडे होती. स्पर्धेचा आग्रह धरणारा, ती जिंकणारा आणि तिचे मैदान आखणारा एकच माणूस, असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

प्रतिसाद २

दिल्लीच्या मैदानाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. २०१६ साली मी तिथे दोरीच्या बाहेर उभी राहून दोन दिवस ही स्पर्धा पाहिली आहे. मैदानाच्या आवारात लाल बंगला ही मोगल काळातील कबरींची वास्तू आहे आणि मोर अगदी निर्धास्तपणे फेअरवे (गवत कापलेला खेळायचा पट्टा) ओलांडतात. दिसायला ते मैदान प्रेमळ वाटते, पण तसे ते मुळीच नाही. फेअरवे अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना बाभळीच्या जातीची काटेरी झुडपे दाट माजलेली आहेत. ज्यांना लांब मारण्याची सवय आहे, त्यांना मैदानाच्या अठरा होलपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, बहुतेकांवर ड्रायव्हर हा लांब फटक्याचा क्लब बॅगेतच ठेवावा लागतो.

एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. एका परदेशी खेळाडूचा चेंडू डावीकडच्या झुडपात गेला. कॅडी अक्षरशः पोटावर आडवा झाला आणि पाने बाजूला न करता, नुसते डोके खाली घालून, चेंडूवरची खूण वाचू लागला. चेंडू त्यांचाच निघाला, पण क्लब फिरवायला वीतभरही जागा नव्हती. खेळाडूने तो खेळता येत नसल्याचे जाहीर केले, एका फटक्याचा दंड घेतला, ड्रायव्हर जमिनीवर आडवा ठेवून दोन क्लबांचे अंतर मोजले आणि हात खांद्याच्या रेषेत धरून चेंडू खाली सोडला. (चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडण्याचा नियम २०१९ पासूनचा आहे, तेव्हा खांद्यावरूनच सोडत असत.) चेंडू जिथे थांबला तिथे गवत नव्हते, कडक धूळ होती. फांद्यांखालून त्यांनी तो इतका खुजा मारला की तो जवळजवळ लोळतच ग्रीनच्या तोंडाशी गेला. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले की हा फटका इथल्या कॅडीच्या पोराला झोपेतही मारता येतो. बाभळीखालून कडक जमिनीवरून चेंडू काढायचा सराव त्यांचा लहानपणापासूनच होतो, कारण गवत असलेल्या जागी त्यांना खेळू कोण देणार?

अली शेर यांचा विजय मला त्या क्षणी खऱ्या अर्थाने समजला.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत, परंतु मूळ लेखातल्या एका गृहीतकाला माझा आक्षेप आहे. कॅडी ते विजेता ही कथा मनाला भिडणारी आहे, म्हणून तीच संपूर्ण कथा मानली जाते. तेरा भारतीय विजयांपैकी सेठी यांचा एक, अटवाल यांचा एक, रंधावा यांचे तीन आणि लाहिरी यांचा एक असे सहा विजय सुस्थित घरांतून आलेल्या खेळाडूंचे आहेत. रंधावा लष्करी अधिकाऱ्याचे चिरंजीव, तर लाहिरी यांचे वडील लष्करात डॉक्टर होते. लष्कराच्या छावण्यांमधली गोल्फ मैदाने हा भारतीय गोल्फचा दुसरा मोठा आधार आहे आणि त्याचा उल्लेख लेखात असायला हवा होता. रंधावा यांनी तीन वेळा जिंकून थॉमसन यांच्याशी बरोबरी केली, ही गोष्टही एका ओळीत आटोपली गेली आहे.

धागालेखक

आपला आक्षेप मान्य आहे आणि लष्करी मैदानांचा मुद्दा माझ्याकडून खरोखरच राहून गेला. जीव मिल्खा सिंग यांच्यासारखा युरोपीय दौऱ्यावर चार विजेतेपदे मिळवलेला खेळाडू इंडियन ओपन कधीच जिंकू शकला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे रंधावा यांच्या तीन विजयांचे मोल आणखी वाढते.

तरीही माझे म्हणणे मी सोडत नाही. अली शेर यांचे दोन, विजय कुमार यांचा एक, मुनियप्पा यांचा एक आणि चौरसिया यांचे दोन असे सहा विजय कॅडींच्या आणि मैदान राखणाऱ्यांच्या घरांतून आलेले आहेत. या खेळाचे साहित्य, सभासदत्व आणि सरावाचा खर्च पाहता, ज्या वर्गाला मैदानावर पाऊल ठेवायला मिळते तेच मुळी दुसऱ्याची बॅग घेऊन, त्या वर्गाने जवळपास निम्मे विजय मिळवावेत, याला मी साधी गोष्ट समजत नाही. मुनियप्पा २००९ साली गुरुग्रामला दक्षिण कोरियाच्या ली सुंग यांच्याविरुद्ध प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, जिंकले, तेव्हा देशाबाहेर त्यांचे नाव जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रतिसाद ४

चौरसिया यांच्याविषयी सविस्तर लिहिले गेले पाहिजे, म्हणून मीच लिहितो. शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर माळी होते. त्यांना कोणी प्रशिक्षक नव्हता, पाहून पाहून आणि चुका करत ते शिकले. लांब फटका हे त्यांचे बलस्थान कधीच नव्हते. ग्रीनच्या आसपास मात्र त्यांचा हात असा चालतो की सहकाऱ्यांनी चिप (ग्रीनजवळचा छोटा, उचललेला फटका) आणि पट (ग्रीनवरचा लोळता फटका) या दोन शब्दांची सांगड घालून त्यांचे आडनावच 'चिपपुटसिया' करून टाकले.

१९९९ साली अटवाल जिंकले तेव्हा चौरसिया दुसरे होते. त्यानंतर २००६, २०१३ आणि २०१५ सालीही ते उपविजेतेच राहिले. यांतले २०१५ साल सर्वांत जिव्हारी लागणारे होते. शेवटच्या दिवशी ते आघाडीवर होते आणि लाहिरी त्यांच्यापेक्षा सात फटके मागे होते. अठरा होलमध्ये ती सगळी आघाडी विरघळली, दोघे बरोबरीत आले आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर लाहिरी यांनी बर्डी करून, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक फटका कमी घेऊन, स्पर्धा जिंकली. लाहिरी हे त्यांचे स्नेही आहेत. हरल्यावर ज्याचे अभिनंदन करायचे तो आपलाच मित्र असतो, तेव्हा कडवटपणा बाळगायचीही मुभा राहत नाही.

पुढच्याच वर्षी, दिल्ली गोल्फ क्लबच्या त्याच मैदानावर, चौरसिया दोन फटक्यांनी जिंकले आणि संयुक्तपणे दुसरे आलेल्यांमध्ये लाहिरी होते. पहिल्या उपविजेतेपदापासून पहिल्या विजेतेपदापर्यंत सतरा वर्षे गेली.

प्रतिसाद ५

मला गोल्फमधले फारसे कळत नाही, तरी हा धागा शेवटपर्यंत वाचला. दोन प्रश्न आहेत. 'खुली' म्हणजे कोणीही अर्ज करू शकतो का? आणि २०१७ नंतर भारतीय विजेता नाही, याचे कारण स्पर्धा दिल्ली गोल्फ क्लबवरून हलवली हे आहे का?

धागालेखक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. खुली म्हणजे व्यावसायिक आणि हौशी दोघांनाही खुली. पात्रतेची अट दोघांनाही असते. चार दिवसांत ७२ होल खेळले जातात, पहिल्या ३६ होलनंतर ठरावीक क्रमांकापर्यंतचेच खेळाडू पुढे जातात आणि बाकीचे घरी जातात. यालाच कट म्हणतात. एखादा हौशी खेळाडू जिंकला, तर बक्षिसाची रक्कम त्याच्या पाठोपाठच्या व्यावसायिकाला मिळते.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. २०१७ पासून स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर होते. दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेयर यांनी आखलेले हे मैदान दिल्ली क्लबच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. तिथे उघडे खडक, खाणीसारखे खोल कापलेले कडे, माणूस दिसेनासा व्हावा इतके खोल बंकर (वाळूचे खड्डे) आणि तीव्र चढउतारांची ग्रीन्स आहेत. त्यामुळे स्थानिक खेळाडूंचा घरचा फायदा गेला, असे अनेकांचे म्हणणे आहे. मला ते अर्धेच पटते, कारण प्लेयर यांनी आखलेल्या या मैदानावरची पहिलीच स्पर्धा चौरसिया यांनी सात फटक्यांनी जिंकली होती. लांब न मारणारा खेळाडू तिथे एवढ्या फरकाने जिंकू शकतो, तर सगळा दोष मैदानाला देता येत नाही.

माझ्या मते खरे कारण मैदानाबाहेरचे आहे. २०१५ पासून स्पर्धेला युरोपीय दौऱ्याची मान्यता मिळाली. त्या वर्षी एकूण बक्षीस १५ लाख डॉलर होते आणि २०२५ साली ते २२.५ लाख डॉलर झाले. बक्षीस वाढले, तशी येणाऱ्यांची प्रतवारीही वाढली. २०१८ साली इंग्लंडचे मॅट वॉलेस, २०२३ साली जर्मनीचे मार्सेल सीम, २०२४ साली जपानचे केइता नाकाजिमा आणि २०२५ साली स्पेनचे यूजेनियो चाकारा जिंकले. नाकाजिमा यांनी पारपेक्षा, म्हणजे अपेक्षित फटक्यांपेक्षा, १७ फटके कमी घेतले होते, तर पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर चाकारा यांना पारपेक्षा चारच फटके कमी घेऊनही विजेतेपद मिळाले. यावरून ते मैदान एका वर्षी किती देते आणि दुसऱ्या वर्षी किती हात आखडते, हे लक्षात यावे. त्यात २०२० ते २०२२ ही तीन वर्षे महासाथीमुळे स्पर्धाच झाली नाही. तीन वर्षांचा खंड तरुण खेळाडूंना फार महाग पडतो.

प्रतिसाद ६

२०१३ सालचा उल्लेख आला, पण विजेत्याचे नाव कोणीच घेतले नाही. दिल्ली गोल्फ क्लबवर त्या वर्षी बांगलादेशचे सिद्दिकुर रहमान एका फटक्याने जिंकले आणि मागे राहिलेल्यांमध्ये लाहिरी आणि चौरसिया दोघेही होते. सिद्दिकुर यांनी ढाक्याच्या कुर्मिटोला गोल्फ क्लबवर चेंडू वेचणारा मुलगा म्हणून सुरुवात केली होती. त्यांच्याआधी बांगलादेशातून आशियाई दौऱ्यावर कोणी जिंकले नव्हते. २०१६ साली ते रिओ ऑलिंपिकमध्येही खेळले. धागालेखकांनी मांडलेली कॅडींची परंपरा देशाच्या सीमेपाशी थांबत नाही, हे त्यांच्यामुळे दिसते. आपल्या खेळाडूंना हरवून जिंकलेले असले, तरी या मालिकेत मी त्यांना आपलाच धरतो.

प्रतिसाद ७

महिलांची इंडियन ओपन २००७ साली सुरू झाली, तिचीही नोंद इथे असावी. २०१६ साली अदिती अशोक यांनी वयाच्या अठराव्या वर्षी ती जिंकली आणि महिलांच्या युरोपीय दौऱ्यावर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. म्हणजे २०१६ साली दोन्ही इंडियन ओपन भारतीयांकडे होत्या. त्या स्पर्धेवर वेगळा धागा निघावा, अशी विनंती आहे.

धागालेखक

महिलांच्या स्पर्धेवर जरूर लिहू. सिद्दिकुर यांच्याबद्दलची भर फार मोलाची आहे आणि मूळ लेखात ते नाव मी घ्यायलाच हवे होते.

एक नाव माझ्याकडूनही राहिले. २०१९ साली स्कॉटलंडचे स्टीफन गॅलाकर जिंकले. शेवटच्या दिवशी सातव्या होलवर, जिथे चार फटके अपेक्षित आहेत, तिथे त्यांना आठ लागले आणि तिथेच त्यांचा विषय संपल्यासारखा वाटला. पण त्यांनी शेवटच्या तिन्ही होलवर बर्डी केली आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. त्या दिवशी त्यांची बॅग खांद्यावर घेऊन चालणारा कॅडी त्यांचा स्वतःचा मुलगा जॅक होता.